मत्स्यटाकीतील फायटर मासा : पर कुजण्याचा रोग आणि फिल्टरची निगा

१९५१ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने काचेआडचे जलजीवन महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांना प्रथमच जवळून दाखविले. पुढील काळात शोभिवंत मासे पाळण्याचा छंद शहरांतून तालुक्याच्या गावी पोहोचला. आज शाळेची प्रयोगशाळा, दवाखान्याची प्रतीक्षा-खोली किंवा एखादे कार्यालय येथेही काचेची लहान टाकी दृष्टीस पडते. अशा टाकीत पुष्कळदा एकच मासा असतो. लांब, झुपकेदार शेपटीचा, निळ्या, तांबड्या किंवा जांभळ्या झळाळीचा हा मासा बाजारात ‘फायटर’ या नावाने ओळखला जातो.

या टाक्यांच्या बाबतीत एक अनुभव वारंवार येतो. दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडते. टाकीतील पाणी पिवळट झालेले असते. शिक्षक व विद्यार्थी उत्साहाने कामाला लागतात. मासा बादलीत काढून टाकी रिकामी केली जाते, खडी धुतली जाते, फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पांढरा होईपर्यंत पिळला जातो आणि टाकीत नवे पाणी भरले जाते. टाकी आरशासारखी लखलखते. आठ-दहा दिवसांनी मात्र मासा कोपऱ्यात निपचित राहू लागतो, शेपटीची कड काळवंडते व ती कातरल्यासारखी दिसू लागते. दुकानातून निळे औषध आणून टाकीत ओतले जाते आणि तरीही मासा दगावतो. एवढी स्वच्छता केल्यावर असे का व्हावे, हा मुलांचा प्रश्न अनुत्तरित राहतो.

या प्रश्नाचे उत्तर स्वच्छतेच्या रीतीत सापडते. पर कुजण्याचा रोग माशाच्या अंगावर दिसत असला, तरी त्याचे मूळ बहुधा पाण्यात असते; आणि पाण्याची प्रकृती बिघडण्याचे मूळ पुष्कळदा फिल्टरच्या चुकीच्या हाताळणीत असते. म्हणून रोग व फिल्टर या दोहोंचा विचार एकत्रच करावा लागतो.

भातखाचरांतील मासा

फायटर माशाचे शास्त्रीय नाव बेट्टा स्प्लेंडेन्स. ब्रिटिश मत्स्यशास्त्रज्ञ चार्ल्स टेट रीगन यांनी १९१० मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. त्याचे मूळ घर म्हणजे थायलंडमधील भातखाचरे, उथळ दलदली व संथ कालवे. त्या देशाने २०१९ मध्ये या माशास राष्ट्रीय जलचराचा मान दिला. निसर्गातील हा मासा आखूड पराचा व साध्या रंगाचा असतो. लांब पर व भडक रंग ही मनुष्याने पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडीची देणगी होय. पर जितके लांब, तितके ते फाटण्याची व कुजण्याची शक्यता अधिक.

कल्ल्यांच्या जोडीला या माशाच्या डोक्यात हवेतील प्राणवायू घेणारे एक विशेष इंद्रिय असते. त्यामुळे तो अधूनमधून पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेतो व प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही तग धरतो. यावरूनच त्याला बरणीत, फिल्टरशिवाय सहज ठेवता येते असा समज रूढ झाला. थायलंडमधील मत्स्यपालक नर मासे लहान बाटल्यांत वेगवेगळे ठेवतात हे खरे. परंतु त्या बाटल्यांतील पाणी ते वरचेवर बदलत असतात, ही गोष्ट विसरली जाते. हवेतून श्वास घेणारा मासा प्राणवायूच्या तुटवड्यातून वाचतो. स्वतःच्या मलमूत्रातून साचणाऱ्या विषापासून तो वाचत नाही. एका माशास किमान १५ ते २० लिटर पाणी, २४ ते २८ अंश सेल्सिअस तापमान व संथ वाहणारा फिल्टर एवढी सोय असणे इष्ट होय. दोन नर एका टाकीत कधीही ठेवू नयेत.

फिल्टरचे खरे काम

फिल्टर म्हणजे पाण्यातील कचरा अडविणारी गाळणी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ते त्याचे दुय्यम काम होय. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो; त्याची विष्ठा व उरलेले खाद्य कुजूनही अमोनिया तयार होतो. अमोनिया कल्ल्यांना व अंगावरील बुळबुळीत संरक्षक थराला इजा करतो. फिल्टरच्या स्पंजात वस्ती करून असलेले जीवाणू या अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये व पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही घातकच असते. नायट्रेट मात्र पुष्कळच सौम्य असते व आठवड्याला थोडे पाणी बदलून ते मर्यादेत ठेवता येते. शेतजमिनीत हेच कार्य करणाऱ्या जीवाणूंचा शोध सर्गेई विनोग्राडस्की या शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास लावला होता. शेणखताचा नत्र पिकाला ज्या क्रियेने मिळतो, तीच क्रिया टाकीतील स्पंजात चाललेली असते, असे सांगितल्यास ग्रामीण विद्यार्थ्याला हा विषय चटकन उमजतो.

हे जीवाणू फार सावकाश वाढतात. नव्या टाकीत त्यांची पुरेशी वस्ती होण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. त्यांना प्राणवायूयुक्त वाहते पाणी लागते आणि क्लोरीन त्यांना मारक ठरतो. स्पंज नळाखाली धुतला की महिनाभरात उभी राहिलेली ही वस्ती काही मिनिटांत मोठ्या प्रमाणात नष्ट होते. पाणी स्वच्छ दिसते, पण त्यातील अमोनिया दिवसेंदिवस वाढू लागतो. सुटीनंतरच्या टाकीत घडते ते हेच.

अमोनियाचा विषारीपणा पाण्याच्या सामूवर अवलंबून असतो. २५ अंश तापमानास सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम ०.६ टक्के भाग तीव्र विषारी स्वरूपात असतो. सामू ८ झाल्यास हेच प्रमाण ५ टक्क्यांच्या वर, म्हणजे सुमारे नऊपट होते. दख्खनच्या पठारावरील अनेक विहिरी व कूपनलिका यांचे पाणी कठीण व अल्कधर्मी असते. तेथील टाकीत थोडा अमोनियाही अधिक घातक ठरतो, हे ध्यानी घ्यावे. बरेच दिवस दुर्लक्षित राहिलेल्या टाकीचे पाणी हळूहळू आम्लधर्मी बनलेले असते. त्यात एकदम भरपूर अल्कधर्मी पाणी ओतल्यास साचलेला अमोनिया अकस्मात तीव्र होतो व पाणी बदलल्याच्या दुसऱ्या दिवशीच मासा दगावतो. अशा टाकीचे पाणी एका वेळी पाचव्या हिश्शापेक्षा अधिक बदलू नये.

रोगाची ओळख

पर कुजविणारे जीवाणू मुख्यत्वे एरोमोनास व स्यूडोमोनास या गटांतील असतात. ते जवळपास प्रत्येक टाकीत थोड्याफार प्रमाणात असतातच. निरोगी मासा त्यांना दाद देत नाही. अमोनिया, थंडी, उपासमार, सततचा जोरदार प्रवाह किंवा जखम यांमुळे माशाची प्रतिकारशक्ती खचली, म्हणजे त्यांचे फावते.

प्रत्येक फाटलेला पर हा रोगाचाच असतो असे नाही. म्हणून उपचारापूर्वी पुढील भेद नीट पाहावेत.

परात सरळ चीर पडली असून कडा स्वच्छ असतील, तर ती बहुधा प्लॅस्टिकच्या झाडावर, धारदार दगडावर किंवा फिल्टरच्या शोषण-नळीवर पर अडकून झालेली इजा असते. रात्रीतून शेपटीचा अर्धचंद्राकृती तुकडा नाहीसा झाला असेल, तर माशाने स्वतःच शेपटी चावली असण्याचा संभव असतो. जोरदार प्रवाहात किंवा काचेत सतत स्वतःचे प्रतिबिंब दिसत राहिल्यास असे घडते. पराची कड काळपट, लालसर किंवा पांढुरकी होऊन ती रोज थोडी थोडी आत सरकत असेल, तर तो पर कुजण्याचा रोग समजावा. तोंडाभोवती किंवा पाठीवर कापसासारखा पांढरा थर दिसून तो एक-दोन दिवसांतच पसरत असल्यास तो निराळा व अधिक गंभीर जीवाणुजन्य रोग असू शकतो. त्याबाबत तज्ज्ञांचा सल्ला विनाविलंब घ्यावा.

बरा होत असलेल्या पराच्या कडेला पातळ, पारदर्शक पडदा फुटतो. त्यास रोग समजून पुन्हा औषध ओतण्याची चूक अनेकांकडून होते. रोज ठरावीक वेळी, ठरावीक अंतरावरून माशाचे छायाचित्र घेतल्यास पर झिजत आहे की वाढत आहे, याचा निर्णय अंदाजावर सोडावा लागत नाही.

फिल्टरच्या तक्रारी व त्यांचे निवारण

फायटर माशासाठी हवेच्या पंपावर चालणारा स्पंज-फिल्टर सर्वांत सोयीचा ठरतो. त्याचा प्रवाह सौम्य असतो व त्यात पर ओढले जात नाहीत. विजेच्या मोटारीचा फिल्टर असल्यास शोषण-नळीवर स्पंजाचा तुकडा बसवावा व पाण्याची धार काचेकडे वळवून तिचा जोर मोडावा. मासा एकाच कोपऱ्यात दबून राहत असेल किंवा पोहताना मागे ढकलला जात असेल, तर प्रवाह जास्त आहे असे खुशाल समजावे.

बुडबुडे कमी झाल्यास प्रथम नळीला पीळ पडला आहे काय ते पाहावे, नंतर हवेचा दगड चोंदला आहे काय ते तपासावे आणि शेवटी पंपातील रबरी पडदा फाटला आहे काय याची खात्री करावी. हे सर्व ठीक असल्यास स्पंज गाळाने भरला आहे असे समजावे. स्पंज धुताना टाकीतीलच थोडे पाणी बादलीत काढून त्यात तो दोन-तीन वेळा हलकेच पिळावा. तपकिरी रंग पूर्ण जाण्याची वाट पाहू नये. फिल्टर धुणे, खडी धुणे व पाणी बदलणे ही तिन्ही कामे एकाच दिवशी करू नयेत. स्पंज जीर्ण झाला असल्यास नवा स्पंज जुन्याच्या शेजारी किमान महिनाभर चालवावा व नंतरच जुना काढावा.

वीजपुरवठा खंडित झाल्यास स्पंजातील जीवाणूंना प्राणवायू मिळेनासा होतो. काही तास पुरवठा बंद राहिल्यास बंदिस्त फिल्टरमधील गाळ सडू लागतो व वीज येताच ते दूषित पाणी टाकीत फेकले जाते. म्हणून दीर्घ खंडानंतर फिल्टर सुरू करण्यापूर्वी स्पंज टाकीच्या पाण्यात विसळून घ्यावा. हवेचा पंप टाकीतील पाण्याच्या पातळीपेक्षा खाली ठेवलेला असेल, तर वीज जाताच नळीवाटे पाणी उलटे वाहून पंपात शिरण्याचा धोका असतो. यासाठी पंप उंचावर ठेवावा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा.

उपचाराचा क्रम

रोग लक्षात येताच औषधाच्या दुकानाकडे धावण्यापूर्वी पाण्याची तपासणी करावी. अमोनिया व नायट्राइट तपासण्याचे साधे संच शोभिवंत माशांच्या दुकानांत मिळतात. दोन्हींचे प्रमाण शून्य असणे अपेक्षित आहे.

अमोनिया आढळल्यास पाणी बदलणे हाच पहिला उपचार होय. समजा, २० लिटरच्या टाकीत अमोनियाचे प्रमाण लिटरला १ मिलिग्रॅम आहे. १० लिटर पाणी बदलल्यास ते ०.५ वर येईल. दुसऱ्या दिवशी पुन्हा १० लिटर बदलल्यास ०.२५ वर. दरम्यान मासा नवा अमोनिया सोडीतच असतो. म्हणून फिल्टर सावरेपर्यंत हा क्रम चालू ठेवावा लागतो. टाकी दीर्घकाळ दुर्लक्षित असल्यास मात्र वर सांगितल्याप्रमाणे पाचवा हिस्साच, पण रोज बदलावा. नवे पाणी क्लोरीनमुक्त व टाकीतील पाण्याइतक्याच तापमानाचे असावे.

या काळात खाद्य कमी करावे. फायटर माशास एरवीही दिवसातून दोनदा दोन-तीन दाणे पुरेसे होतात. सुटीवर जाण्यापूर्वी मूठभर खाद्य टाकून ठेवण्याची प्रथा सर्वस्वी त्याज्य होय. निरोगी प्रौढ मासा काही दिवस उपाशी राहू शकतो, परंतु कुजलेल्या खाद्याने दूषित झालेल्या पाण्यात राहू शकत नाही. नाशिक, पुणे व विदर्भाच्या काही भागांत हिवाळी रात्री पाण्याचे तापमान २० अंशांखाली जाते. तेथे २० लिटरच्या टाकीस सुमारे २५ वॅटचा हीटर लावावा.

पाणी सुधारूनही कड झिजत राहिल्यास मिठाचा सौम्य उपयोग करता येतो. साधे खडेमीठ, लिटरला १ ग्रॅम या प्रमाणात, वेगळ्या भांड्यात विरघळवून थोडे थोडे टाकीत सोडावे व आठ-दहा दिवसांनंतर पाणी बदलत बदलत ते कमी करावे. मीठ वाफेबरोबर उडून जात नाही. म्हणून जितके पाणी काढले, तितक्याच पाण्यापुरते मीठ पुन्हा घालावे. थायलंडमधील मत्स्यपालक देशी बदामाची वाळलेली पाने पाण्यात घालतात. हे झाड आपल्याकडेही अनेक शाळांच्या आवारात आढळते. त्या पानांतील टॅनिनमुळे पाणी तपकिरी व किंचित आम्लधर्मी होते. झाडावरून गळून पूर्ण वाळलेले, फवारणी न झालेले एखादे पान धुऊन टाकण्यास हरकत नाही. मात्र ते पाणी बदलण्याची जागा घेऊ शकत नाही.

औषधांविषयी सावधगिरी

बाजारात मिळणारे निळे औषध बहुधा मिथिलीन ब्ल्यू असते. ते फिल्टरमधील उपयुक्त जीवाणूंनाही अपाय करते. प्रतिजैविकांचीही तीच गत होऊ शकते. म्हणून अशी औषधे मुख्य टाकीत कधीही ओतू नयेत. माशाला वेगळ्या भांड्यात ठेवूनच ती द्यावीत व तेथील पाणी रोज बदलावे. माणसांसाठीच्या कॅप्सूल फोडून पाण्यात टाकणे हा प्रकार तर सर्वथा टाळला पाहिजे. अपुऱ्या मात्रेमुळे औषधास न जुमानणारे जीवाणू निपजतात व ते केवळ माशांपुरते मर्यादित राहतील याची शाश्वती नसते. प्रतिजैविकाची गरज आहे किंवा नाही, हे पशुवैद्यक किंवा मत्स्यरोगतज्ज्ञानेच ठरवावे.

पर पूर्ववत होण्यास काही आठवड्यांपासून दोन-तीन महिने लागतात. कूज पराच्या मुळापर्यंत पोहोचली असल्यास तो भाग पुन्हा वाढत नाही. लवकर केलेल्या निदानाचे महत्त्व यातच आहे.

शाळा व ग्रामपंचायत यांनी घ्यावयाची दक्षता

गावाच्या पिण्याच्या पाण्यात टीसीएल पावडर वापरून निर्जंतुकीकरण केले जाते व ओटी चाचणीने उर्वरित क्लोरीन तपासला जातो. ग्राहकाच्या नळाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन असणे माणसाच्या आरोग्यास आवश्यक आहे. तेच पाणी माशाच्या कल्ल्यांना व फिल्टरमधील जीवाणूंना मात्र अपायकारक ठरते. पावसाळ्यात किंवा साथीच्या काळात क्लोरीनची मात्रा वाढविली जाते, हे टाकीची निगा राखणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे व जलसुरक्षकाकडे चौकशी करूनच पाणी भरावे. बादलीतील पाणी २४ तास उघडे ठेवल्यास साधा क्लोरीन बहुतांशी उडून जातो. त्या काळात बादलीवर विरळ कापड बांधावे व पाणी त्याहून अधिक दिवस साठवू नये; अन्यथा डेंग्यूच्या डासांना आयतीच जागा मिळते. तातडीची गरज असल्यास १०० लिटर पाण्यास साधारण १ ग्रॅम सोडियम थायोसल्फेट, म्हणजेच छायाचित्रकारांचा ‘हायपो’, पुरेसे होते. क्लोरीन गेल्याची खात्री ओटी चाचणीने करता येते; नमुन्यास पिवळी छटा आल्यास पाणी वापरू नये. हे रसायन विषारी असल्याने चाचणी जाणकार व्यक्तीनेच करावी व नमुना टाकीत परत ओतू नये.

शाळेत टाकीसाठी एक नोंदवही ठेवावी. तापमान, सामू, अमोनिया, बदललेले पाणी व स्पंज धुतल्याची तारीख एवढ्या पाच बाबींची नोंद विद्यार्थ्यांनी आळीपाळीने करावी. हातावर जखम असलेल्या मुलांनी टाकीत हात घालू नये व इतरांनी काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. टाकीतील पाण्यातून क्वचित त्वचेला चिवट संसर्ग होतो; हातावर बरी न होणारी गाठ उद्भवल्यास टाकीशी आलेला संबंध डॉक्टरांना आवर्जून सांगावा. नकोसा झालेला मासा ओढ्यात, विहिरीत किंवा तलावात सोडू नये. परक्या जातीमुळे व तिच्याबरोबर येणाऱ्या रोगांमुळे स्थानिक जलचरांना धोका पोहोचतो.

२०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शोभिवंत मत्स्यपालनाच्या घटकांचाही समावेश करण्यात आला. घराच्या परसात हा व्यवसाय करू इच्छिणाऱ्या कुटुंबांनाही वरील माहिती उपयोगी पडेल. कारण कातरलेल्या परांच्या फायटर माशाला बाजारात भाव येत नाही. शाळेपुरते बोलावयाचे तर पुढील दिवाळीच्या सुटीनंतर टाकी पिवळट दिसली, तरी ती रिकामी करू नये. आधी पाणी तपासावे, त्याचा थोडा हिस्सा बदलावा, स्पंज टाकीच्याच पाण्यात विसळून पुन्हा जागेवर बसवावा आणि आठवडाभर नोंदी घ्याव्यात. त्या नोंदींतील अमोनियाचे आकडे उतरताना पाहिले, म्हणजे मुलांना त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याच वहीत सापडेल.